नऊ खुणा आणि ‘मोठे डोळे’

मी जुनी आहे, पत्र्याची आहे आणि माझ्या एका कोपऱ्याला चांगला पोचा पडलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, मित्रांनो, म्हणजे मागाहून तुमचा हिरमोड नको. पेटी म्हटले की लोकांना दागिने आठवतात. तसले काही माझ्या वाट्याला कधी आले नाही. माझ्या झाकणाला दोन बोटे रुंद अशी एक खाच आहे, आणि त्या खाचेतून लोकांनी आत काय काय टाकले, तेच माझे आयुष्य आहे.

मूल नावाच्या गावच्या बाजारात एका कारागिराने मला तेलाच्या पिप्यातून घडवले. त्याने पिपा कापला, ठोकला, कडा दुमडल्या आणि छापील बाजू आत घेतली. म्हणून बाहेरून मी अगदी साधी दिसते, पण आतून माझ्या चारही अंगांना पिवळीधमक सूर्यफुले आहेत. ती कोणाला दिसत नाहीत. मला ठाऊक आहेत, तेवढे पुरे.

मला सायकलच्या कॅरिअरवर बांधून गावी आणले ते डोमाने. डोमा आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीत वाटे पाडायचा. वाटे म्हणजे काय ते जरा सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी मासोळी फक्त तराजूतच पाहिलेली असणार. आमच्या तलावात सगळी घरे मिळून एक मोठे जाळे ओढायची. निघालेली मासोळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर ओतायची. मग डोमा उकिडवा बसून नुसत्या नजरेने तिचे सारखे ढीग करायचा. जितकी घरे, तितके वाटे.

आता कोणता वाटा कोणाचा, हा प्रश्न उरायचा आणि तिथे माझे काम सुरू व्हायचे. प्रत्येक घराची एक खूण ठरलेली होती. कोणाचा चिंचोका, कोणाचा बांगडीचा तुकडा, कोणाची खाच पाडलेली बांबूची काडी. डोमाची खूण म्हणजे जाळ्याला बांधतात ती भाजलेल्या मातीची गोळी. मला सोसायटीच्या ओट्यावर आणून ठेवले की गावाने समजायचे, जाळे पडणार. येता-जाता लोक आपापली खूण माझ्यात टाकायचे. मासोळीचे ढीग झाले की एका पोरीला पाठमोरी उभी करायची. ती ढिगांकडे न बघता माझ्यातून एकेक खूण काढून द्यायची आणि डोमा ती ओळीने एकेका ढिगावर ठेवत जायचा. ज्याची खूण ज्या ढिगावर पडली, तो वाटा त्याचा. कुरकुर करायची सोयच नव्हती.

आणि एक नियम होता. ज्याची खूण पेटीत गेली, त्याचा वाटा निघालाच पाहिजे. माणूस आजारी असेल, जाळे ओढायला आला नसेल, कोणावर तरी रुसून घरी बसला असेल, तरीही. ज्यांच्या हातात आता जाळे ओढायचा जोर उरला नव्हता, अशा म्हाताऱ्यांच्याही खुणा माझ्यात पडायच्या आणि त्यांचे वाटे इतरांएवढेच निघायचे. डोमा मला धोतराच्या सोग्याने पुसायचा आणि ज्याला त्याला सांगायचा, “हे पेटी आहे म्हणून आपल्यात भांडण नाई.” त्या दिवसांत मी थोडी शेफारले होते, हे कबूल करते.

मग सोसायटीत लाल आकड्यांचा वजनकाटा आला. काटा किलोमध्ये बोलायचा आणि त्याच्यासमोर डोमाच्या नजरेला कोण विचारतो! मला खोलीतल्या फळीवर टाकून दिले. कोणी माझ्यात खिळे ठेवले. एकदा एका पालीने अंडीही घातली. सात वर्षे मी तिथे गंजत बसले, आणि खरे सांगू का, मला गंजाचे एवढे दुःख नव्हते. लोकांनी त्या खुणा घरी कुठे ठेवल्या असतील, की फेकूनच दिल्या असतील, हाच विचार मनात यायचा.

मागच्या दिवाळीनंतर दामिनी मला न्यायला आली.

दामिनी म्हणजे रीता आणि सुरेंद्र यांची मुलगी. ती दहावीत आहे. सुरेंद्र घुग्घुसला कोळशाच्या कामावर असतो आणि दर पंधरवड्याला मोटरसायकलवरून घरी येतो, तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा काळ्या असतात. रीता शेतीची कामे करते आणि सोसायटीच्या जाळ्यालाही हात लावते. दामिनीला वेड आहे ते ॲनिमेचे. जपानमधली ती कार्टून असतात ना, मोठ्या डोळ्यांच्या आणि उभ्या केसांच्या पोरापोरींची, तीच. पण दामिनीसमोर त्यांना कार्टून म्हणू नका, ती लगेच फणकारते. तिने आणि तिच्या वर्गातल्या प्रफुलने मिळून एक मासिक सुरू केले होते. त्याचे नाव ‘मोठे डोळे’. चित्रे दामिनीची, मजकूर प्रफुलचा. पाने सुरेंद्र घुग्घुसला घेऊन जायचा आणि झेरॉक्स काढून आणायचा. त्यात एक उभ्या केसांची तलवारवाली पोरगी होती, ती दामिनीने स्वतःच्या मनाने रचलेली. असे दोन अंक निघाले होते.

पण रीताने एकही अंक उघडून पाहिला नव्हता. तिची शाळा तिसरीतच सुटलेली, अक्षरेही विसरलेली, आणि समोर पोरीची बोर्डाची परीक्षा. ती स्पष्ट बोलली होती, “गावातल्या वीस माणसाईनं आपल्या हातानं मागितलं त काढ पुढचं. नाईत बंद कर. घरादाराले जागवून तू चित्रं काढतं, पण वाचते कोण?” त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत होती. म्हणून दामिनीला पेटी हवी होती. लोकांना काय वाचायचे आहे, ते त्यांनी लिहून टाकावे आणि वीस चिठ्ठ्या झाल्या की आईपुढे ठेवाव्यात, असा तिचा विचार होता. सोसायटीचे चिटणीस नानाजी यांनी मला फळीवरून काढून तिच्या हातात दिले आणि म्हणाले, “ने व पोरी, भंगारातच चालली होती.”

तिने मला राखेने घासले. माझ्या छातीवर कागद चिकटवला, ‘मोठे डोळे’मध्ये तुम्हाला काय वाचायला आवडेल, चिठ्ठी टाका. आणि मग तिने मला नेऊन ठेवले ते नेमके सोसायटीच्या ओट्यावर. शाळेला, रेशनला, तलावाला जाणारा प्रत्येक माणूस तिथून जातो, एवढाच तिचा हिशोब. पुढे जे घडले, त्याला कारण एवढेच.

पहिल्या दोन दिवसांत चिठ्ठ्या येऊ लागल्या. मला वाचता येते, कारण माझ्या पोटात आतून ‘शुद्ध सूर्यफूल तेल’ असे छापलेले आहे आणि तिथूनच मी अक्षरे शिकले. एकाने लिहिले होते, डोळे कसे काढायचे ते एकेक पायरी करून दाखव, माझे डोळे बटाट्यासारखे येतात. दुसऱ्याला सगळ्यांत ताकदवान कोण याची यादी हवी होती. तिसऱ्याचे दुःख वेगळेच होते. त्याच्या घराकडे रेंज येत नाही, तलावाच्या पाळीवर उभे राहून मालिका बघावी लागते, आणि अकराव्या भागाला आईने हाक मारली. बाराव्यात काय झाले ते मासिकात छापा, अशी त्याची मागणी. एकाला स्वतःचे नाव जपानीत कसे लिहितात ते पाहिजे होते. ज्योत्स्ना नावाच्या सातवीतल्या पोरीने लिहिले होते, जपानमध्ये पुस्तक उजवीकडून उघडतात, आपलेही तसेच करा.

तिसऱ्या दिवशी गुणाबाई तलावावरून परत येत होती. मला पाहून ती थबकली. “आली वाटते वाट्याची पेटी बाहेर. सुचलं बाप्पा एकदाचं,” असे पुटपुटत तिने कनवटीला बांधलेले काहीतरी सोडले आणि माझ्या खाचेत टाकले. टण्ण. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. हिरव्या बांगडीचा तुकडा. गुणाबाईची खूण!

मित्रांनो, मला काय वाटले ते कसे सांगू? सात वर्षे तिने ती कनवटीला जपून ठेवली होती. त्या आनंदात मी बराच वेळ होते. मग लक्षात आले की तिला कागद वाचता येत नाही. तिने पेटी पाहिली, ओटा पाहिला, आणि जाळे पडणार असे समजून ती मोकळी झाली. संध्याकाळी डोमाची गोळी पडली. मग लटारूची काडी आली. सोमारीचा चिंचोका आला. चार दिवसांत नऊ खुणा माझ्यात येऊन बसल्या, आणि मला तोंड आहे पण वाचा नाही. मी आपली गप्प.

मुदत संपली त्या दिवशी दामिनी आणि प्रफुलने मला ओट्यावरच उपडे केले. प्रफुलने चिठ्ठ्या वेगळ्या केल्या. खाली जे उरले ते बघून त्याने तोंड वाकडे केले. “पोट्ट्याईनं कचरा टाकला पाह्य यात. चिंचोके अन् काड्या.” आणि त्याने हाताने सगळे लोटून ओट्यामागच्या गवतात फेकून दिले.

चिठ्ठ्या तेरा भरल्या. दामिनीने त्या पुन्हा मोजल्या. मग एकाला एक चिकटून बसली असेल म्हणून तिसऱ्यांदा मोजल्या. त्यानंतर तिने मला काखेत घेतले आणि ती घरी आली. आईपुढे तेरा चिठ्ठ्या ठेवल्या, पेन्सिली एका पिशवीत बांधल्या आणि पिशवी माझ्यात घालून मला खाटेखाली सरकवले. तिचे डोळे भरले होते. रीताने ते पाहिले आणि ती भात चढवायला उठून गेली. तिलाही काही बरे वाटत नसणार, पण पोरगी पास झाली पाहिजे हा एकच ध्यास तिला होता.

दोन दिवसांनी डोमा आणि गुणाबाई अंगणात येऊन उभे राहिले. रीता सुपात तांदूळ पाखडत होती.

“रीताबाई, जाळं केव्हा पडते?” डोमाने विचारले. “पेटी ठेवली अन् उचलूनही नेली. आमच्या खुणा आहेत त्यात.”

“कोणतं जाळं, डोमाभाऊ? ते त आमच्या दामिनीच्या पुस्तकाची पेटी.”

“पुस्तकाची?” गुणाबाई म्हणाली. “मंग माही खूण कुठी आहे?”

आत दामिनीने हे ऐकले. ती मला घेऊन बाहेर आली आणि जे झाले ते तिने सांगितले. कचरा समजून फेकल्या, हेही तिने लपवले नाही. डोमाने चप्पल घातली. तसे सगळेच ओट्याकडे निघाले. प्रफुललाही बोलावून घेतले. दुपारभर ही माणसे गवतात ओणवी होऊन शोधत होती. दामिनीच्या हाताला कुसळे टोचली, पण ती उठली नाही. चिंचोका सापडला, काडी सापडली, बाकीच्याही एकेक सापडत गेल्या, गुणाबाईला तिचा हिरवा तुकडा सापडला तेव्हा तिने तो पदराने पुसून पाहिला. डोमाची गोळी मात्र दगडावर आपटून फुटली होती. दोन तुकडे हातात घेऊन दामिनी रडायला लागली.

“काऊन रडतं व?” डोमा म्हणाला. “गोळी फुटली. वाटा त नाई फुटला ना?”

प्रफुल शरमला होता, पण त्याचे डोके चालत होते. तो दामिनीला बाजूला घेऊन म्हणाला, “तेरा अन् नऊ, बावीस होतात. काकूले सांग, बावीस माणसाईनं टाकलं म्हणून.”

मी तिच्या काखेत होते, म्हणून हे सगळे मला ऐकू आले. तेवढे एक वाक्य ती बोलली असती तर मासिक चालू राहिले असते. तीच तर एक गोष्ट तिला हवी होती. ती आईसमोर गेली आणि म्हणाली, “आई, हे नऊ आपले नाईत. त्याईनं मासोळीसाठी टाकल्या. चिठ्ठ्या तेराच आहेत.”

रीता म्हणाली, “मंग वीस नाई झाले. पुस्तक बंद.” दामिनीने मान हलवली. “पण खूण पेटीत गेली होती,” रीता पुढे बोलली. “मी याच सोसायटीतली आहे. पेटी कोणाची का असंना, आत गेलेल्या खुणेचा वाटा काढा लागते. मासोळी तुयापाशी नाई. जे आहे त्याचे नऊ वाटे दे. मंग बंद कर.”

अशा तऱ्हेने ‘मोठे डोळे’चा शेवटचा अंक ठरला. वाटा द्यायचा तर ज्याला त्याला उपयोगाचा द्यायला हवा, म्हणून दामिनी मला घेऊन नऊ घरी फिरली. आधी तिने मागचे दोन अंक दाखवायचे आणि मग विचारायचे, तुमाले यात काय पाहिजे? मित्रांनो, मी आयुष्यभर लोकांच्या वस्तू पोटात घेतल्या, पण त्यांच्या मनातले इतके कधी ऐकले नव्हते.

गुणाबाईने पाने उलटून उलटून पाहिली. “हे पोरगी जेवते केव्हा?” तिने विचारले. “दोन पुस्तकं झाले, एक घास नाई पोटात. तलवार कशी उचलन मंग? हिले जेवू घाल.” लटारूला ती हसत नाही याचे वाईट वाटले. डोमाला तिचे केस फार आवडले. ते वाऱ्याने उभे राहिलेत की भेवाने, यावर तो बराच वेळ बोलला. शेवटी त्याने सांगितले, “एकदा तिच्या हाती जाळं दे. अन् मासोळी मोठी काढ, उगाच बोटभर नको काढू.” सोमारी सगळ्यांत कमी बोलणारी. जाता जाता ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, “थकली ते. एक पान तिले झोपू दे.”

दामिनी रस्त्यात थांबली. माझ्या झाकणावर वही ठेवून तिने ते लिहून घेतले. मला वाटते, त्या दिवशी तिला आपले मासिक पहिल्यांदाच बाहेरून दिसले. कोण ताकदवान, कोण जिंकले, हे विचारणारे तेरा होते. पण त्या पोरीची काळजी करणारे नऊ निघाले.

नऊ जणांना अक्षरे येत नव्हती, म्हणून तिने नवी गोष्ट अक्षरांशिवायच काढली. ज्योत्स्नाच्या चिठ्ठीप्रमाणे अंक उजवीकडून उघडायचा ठरवला. पहिल्या पानावर उभ्या केसांची पोरगी आणि तिची आई घराच्या दारात समोरासमोर उभ्या. पोरगी घर सोडून निघते. मागे वळून बघत पाळीवरून चालत जाते. मोठी मासोळी धरते, हसते, एका अनोळखी म्हातारीच्या घरी पोटभर जेवते आणि शेवटच्या पानावर दूर कुठेतरी मोहाच्या झाडाखाली झोपून जाते. मधल्या पानांवर प्रफुलने तेरा जणांसाठी मजकूर लिहिला, डोळे काढायच्या पायऱ्या आणि बारावा भागसुद्धा. सुरेंद्रने घुग्घुसला झेरॉक्स काढल्या आणि दोघा बापलेकींनी मिळून पिना मारल्या.

रविवारी पाळीवर वाटे पडले. बावीस अंक ओळीने मांडले. डोमाने उकिडवे बसून प्रत्येक अंकाची जाडी नजरेने तपासली. एकात पान कमी आहे म्हणून त्याने तो बाजूला काढला, आणि खरोखर कमी होते! त्याच्या जागी दुसरा ठेवला. म्हाताऱ्यांनी आपापल्या खुणा माझ्यात टाकल्या, डोमाने फुटक्या गोळीचा एक तुकडा टाकला, आणि तेरा पोरांनी आपल्या चिठ्ठ्याच खुणा म्हणून टाकल्या. ज्योत्स्ना पाठमोरी उभी राहिली आणि माझ्यातून एकेक काढून देऊ लागली. सगळे वाटे सारखेच होते, तरी ज्याचा त्याला मिळेपर्यंत कोणी हात लावला नाही. सात वर्षांनी मी पाळीवर होते.

गुणाबाईने आपला अंक घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या रीताच्या हातात दिला. “डोळे अंधारले माहे. तू सांग व, काय काय आहे ते.”

रीता नको म्हणाली असती. पण नऊ म्हातारी माणसे तिच्याकडे बघत होती. ती खाली बसली आणि तिने पोरीचे मासिक पहिल्यांदा उघडले. आपण सगळे उघडतो तसेच उघडले, डावीकडून. म्हणजे तिच्यासमोर आले ते शेवटचे पान.

“झाडाखाली झोपून आहे,” ती चित्रावर बोट ठेवून सांगू लागली. “लय दूर गेली असन. थकली.” तिने पान उलटले. “उठली. ते पाहा, बुढीनं ताट वाढलं, पोटभर जेवली.” गुणाबाईने समाधानाने मान हलवली. “आता हासली.” मधली अक्षरांची पाने तिने ओलांडली. “मासोळी धरली. केवढी मोठी! अन् इथी पाहा, तोंड मागं करून चालून राह्यली. म्हणजे वापस निघाली.”

प्रफुल पुढे झुकला. “काकू, ते उलटं…” दामिनीने त्याचा हात घट्ट दाबला, तसा तो गप्प झाला.

रीता आता हळू बोलत होती. बायका तिच्याजवळ सरकून बसल्या होत्या. “पाळीवरून चालत आली. अन् हे शेवटचं.” दारात समोरासमोर उभ्या असलेल्या दोघींवर तिने बोट ठेवले आणि ते बराच वेळ तिथेच ठेवले. “घरी आली. माय दारातच उभी होती.”

सोमारीने नाक ओढले. दामिनी आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने काढलेली पोरगी घर सोडून गेली होती, आणि आईने वाचलेली पोरगी घरी परत आली होती. रीताने अंक मिटला, गुणाबाईला दिला नाही, मांडीवरच ठेवला.

“बरं केलं, घरी आणली,” ती दामिनीला म्हणाली. मग तिने विचारले, “पण घरून निघाली काऊन होती? ते नाई काढलं?”

“नाई काढलं,” दामिनी म्हणाली.

“ते काढ. मले पाहाचं आहे.” रीताने पदर सावरला. “परीक्षा झाल्यावर काढ.”

मित्रांनो, आता परीक्षा सुरू आहे. मी सोसायटीच्या ओट्यावरच असते. नानाजींनी मला हिरवा रंग दिला, जरा भडकच झाला आहे, पण तक्रार नाही. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. तुम्हीही चित्रे काढत असाल, लिहीत असाल, काहीबाही करत असाल. ते लोकांना आवडेल की नाही, याचा घरात बसून घोर लावून घेऊ नका. उठून विचारायला जा, आणि ज्यांना लिहून सांगता येत नाही त्यांच्या दारापर्यंत जा. आणि तुमच्या घरात एखादे माणूस असेल, ज्याने तुमचे काम अजून एकदाही उघडून पाहिलेले नाही. ते त्याच्या हातात नेऊन द्या आणि शेजारी शांत बसून राहा. त्याने ते भलत्या बाजूने उघडले, तरी मध्ये बोलू नका.